कौटुंबिक निसर्गनिरीक्षण

कौटुंबिक निसर्गनिरीक्षण म्हणजे घरातील लहानथोरांनी एकत्रितपणे आपल्या परिसरातील रानटी वनस्पती, पक्षी, कीटक, सरपटणारे प्राणी आणि इतर सजीव त्यांच्या नैसर्गिक ठिकाणी पाहणे, त्यांची ओळख पटविणे व त्यांच्या नोंदी ठेवणे होय. त्यासाठी अभयारण्यातच जावे लागते असे नाही. घराचे अंगण, शेताचा बांध, ओढ्याचा काठ, गावची देवराई, माळरान किंवा शहरातील टेकडी ही त्याची नेहमीची क्षेत्रे होत. या लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील सजीवांच्या आधारे या उपक्रमाची पद्धती दिली आहे.

कोणत्याही सजीवाची ओळख एकाच लक्षणावरून निश्चित न करता अनेक लक्षणांचा मेळ बसल्यावरच ती मान्य करणे, हे या अभ्यासाचे मूलतत्त्व आहे. फुलपाखराचे नाव चुकले तर फारसे बिघडत नाही. रानभाजी, विषारी बी किंवा साप यांच्या बाबतीत मात्र तीच चूक जिवावर बेतू शकते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात सजीवांची ओळख ही स्वतंत्र विद्या नव्हती, ती कामातूनच होत असे. गुरे राखताना, सरपण गोळा करताना, पावसाळ्यात भाजी खुडताना मुले आजी-आजोबांकडून झाडापाखरांची नावे शिकत. या ज्ञानाचा बराचसा भाग लिहिला गेलेला नाही. तो पिढी दर पिढी तोंडी चालत आला, म्हणून एखाद्या पिढीत संपर्क तुटला की तो लोप पावतो.

लिखित अभ्यासाची परंपराही मोठी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना मुंबईत १८८३ साली झाली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात शास्त्रीय वर्णनासोबत अनेक वनस्पतींची देशी नावेही नोंदविली आहेत. पक्षितज्ज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ या १९४१ सालच्या पुस्तकाने सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याची वाट मोकळी करून दिली. मराठीत दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६), शरदिनी डहाणूकर यांचे ‘वृक्षगान’ आणि वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे ‘पक्षिकोश’ व इतर लेखन यांनी निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी घराघरात नेली. चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा जन्मदिन १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील काळ महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो.

ओळख पटविण्याचे तत्त्व

वृक्ष

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वपरिचित आहे. पळसाचे संयुक्त पान तीन पर्णिकांचे असते, हे त्यामागचे निरीक्षण अचूक आहे. परंतु पांगाऱ्याच्या पानालाही तीनच पर्णिका असतात. दोन्ही वृक्ष उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण होऊन लाल-केशरी फुलतात. त्यामुळे केवळ पानांची संख्या मोजणारा नवखा निरीक्षक हमखास फसतो. पांगाऱ्याच्या खोडावर व फांद्यांवर काटे असतात, पळसाला ते नसतात. पळसाच्या पर्णिका चिवट व चामड्यासारख्या असतात आणि फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा वाकडा असतो. याच काळात फुलणाऱ्या काटेसावरीच्या खोडावरही काटे असतात, पण तिच्या पर्णिका हाताच्या बोटांप्रमाणे पाच ते सात असतात आणि फुलाच्या पाच पाकळ्या जाड व मांसल असतात. पान, खोड आणि फूल या तिन्हींची साक्ष जुळली की संशयाला जागा उरत नाही.

दसऱ्याला ‘सोने’ म्हणून वाटली जाणारी पाने हे दुसरे उदाहरण. आपटा व कांचन या दोहोंचे पान टोकाशी दुभंगलेले असल्याने आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या सर्रास तोडल्या जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. त्याची फुले लहान व पिवळसर पांढरी असतात. कांचनाचे पान मोठे असते, फुले मोठी असून ती गुलाबी, जांभळी किंवा पांढरी असतात.

अशोकाबाबतही असाच घोटाळा होतो. इमारतींच्या कडेने उभे असलेले उंच, निमुळते, नागमोडी कडांच्या साध्या पानांचे झाड म्हणजे आसुपालव होय. त्यास अनेक जण अशोक म्हणतात. सीता-अशोकाचे पान संयुक्त असते आणि त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात.

पक्षी

पक्षी पाहताना आकार, चोच, पाय, रंगाची मांडणी, शेपटीची हालचाल, आवाज आणि अधिवास अशा क्रमाने लक्ष दिल्यास ओळख सोपी होते. आकार सांगण्यासाठी सेंटिमीटरपेक्षा तुलना उपयोगी पडते. सलीम अली यांच्या पुस्तकातही चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशा परिचित पक्ष्यांशी तुलना करण्याची रीत आहे. ‘साळुंकीपेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा’ हे वर्णन सहा वर्षांचे मूलही करू शकते.

साम्य असलेल्या पक्ष्यांच्या जोड्या नवख्यांच्या अभ्यासासाठी उत्तम ठरतात.

दयाळ आणि चिरक: दोन्हींचे नर काळे-पांढरे दिसतात. दयाळ नराचे पोट पांढरे असते आणि पंखावर लांब पांढरा पट्टा असतो. चिरक नर जवळजवळ पूर्ण काळा असून त्याच्या खांद्यावर पांढरा डाग व शेपटीखाली तांबूस रंग असतो.

गावकावळा आणि डोमकावळा: गावकावळ्याची मान राखाडी असते. डोमकावळा सर्वांगाने काळा असून त्याची चोच अधिक जाड असते.

गायबगळा आणि छोटा बगळा: गायबगळ्याची चोच पिवळी असते आणि विणीच्या काळात त्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा येते. छोट्या बगळ्याची चोच व पाय काळे, मात्र पायांचे पंजे पिवळे असतात.

पावशा आणि शिकरा: कोकिळेच्या कुळातील पावशा हा रंगरूपाने व उडण्याच्या ढबीने शिकरा या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो; छोटे पक्षीही त्याला पाहून घाबरतात. मात्र शिकऱ्याची चोच आकडीसारखी वाकडी असते, पावशाची तशी नसते. पावसाळ्यापूर्वी ऐकू येणारा पावशाचा चढत जाणारा आवाज शेतकऱ्यांना ‘पेरते व्हा’ असा ऐकू येतो.

कीटक व इतर लहान जीव

नक्कल हा कीटकसृष्टीचा नित्याचा व्यवहार आहे. बिबळ्या कडवा अर्थात प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खातात. रुईतील कडू द्रव्यांमुळे हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते. डॅनेड एगफ्लाय या वेगळ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचे रूप घेते आणि पक्ष्यांपासून बचाव साधते. अस्सल बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. नकली मादीत तसा ठिपक्यांचा समूह नसतो.

पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणारा लाल, मखमली ‘मृगाचा किडा’ हा नावाने किडा असला तरी कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात, तर प्रौढ मृगाच्या किड्याला आठ. तो कोळ्यांच्या वर्गातील माइट आहे. भिंगातून त्याचे पाय मोजणे हा मुलांसाठी वर्गीकरणाचा पहिला धडा ठरू शकतो.

स्थानिक नावे आणि म्हणी

स्थानिक नाव हे ओळखीचे पहिले साधन असले तरी त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. एकच नाव अनेक सजीवांना आणि एकाच सजीवाला अनेक नावे असतात. ‘पाकोळी’ हे नाव घरांच्या छताखाली घरटी करणाऱ्या पक्ष्याला दिले जाते आणि फुलपाखरालाही. ‘राघू’ म्हणजे पोपट, पण तारेवर बसून उडते कीटक टिपणारा ‘वेडा राघू’ पोपटाच्या कुळातील नाही. या गोंधळावर उपाय म्हणून शास्त्रीय नाव वापरले जाते. कार्ल लिनियस याने १७५३ साली वनस्पतींसाठी सातत्याने वापरलेली दोन पदांची नामपद्धती आज जगभर प्रमाण मानली जाते.

असे असले तरी स्थानिक नाव टाकाऊ ठरत नाही. त्या नावात बहुधा एखादे लक्षण, उपयोग किंवा ऋतू दडलेला असतो. म्हणून नोंद करताना नाव कोणत्या गावात ऐकले तेही लिहिण्याचा संकेत आहे.

मराठी म्हणींतही निरीक्षणाचा ठेवा आहे. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण वरकरणी गरीब दिसणाऱ्या लबाड माणसासाठी वापरली जाते. प्रत्यक्षात गोगलगाय पोटाकडील मांसल पायावरच सरकते आणि प्राणिशास्त्रातही तिच्या वर्गाला ‘उदरपाद’ असेच म्हणतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण फुलाच्या अल्पायुष्याकडे बोट दाखविते. तेरड्याचे पक्व फळ स्पर्श होताच फुटून बिया उडवते. म्हणीत न आलेले हे दुसरे लक्षण मुलांच्या अधिक स्मरणात राहते.

ऋतुमानाप्रमाणे निरीक्षण

उन्हाळा: पळस, पांगारा, काटेसावर, बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण यांचा बहर. मे अखेरीस व जूनच्या आरंभी सह्याद्रीत, विशेषतः भंडारदरा परिसरात, काजवे मोठ्या संख्येने दिसतात. काजवा हा माशी नसून भुंगेरा आहे.

पावसाळा: मृगाचा किडा, बेडूक, रानभाज्या व फुलपाखरे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्याजवळील कास पठारावर तेरडा, सोनकी आणि ‘सीतेची आसवे’ फुलतात. यांतील सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती असून मातीतील सूक्ष्म पिशव्यांत ती बारीक जीव पकडते. सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदाच सामूहिक बहरते.

हिवाळा: जलाशयांवर स्थलांतरित पक्षी येतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. उजनी व जायकवाडी ही पक्षिनिरीक्षणाची अन्य प्रसिद्ध ठिकाणे आहेत. याच ऋतूत वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर राज्यपक्षी हरियाल आढळतो. पानांत मिसळून जाणारा हा हिरवट कबुतरासारखा पक्षी त्याच्या पिवळ्या पायांवरून ओळखता येतो.

एकाच झाडाकडे वर्षभर पाहणे हा कुटुंबासाठी सर्वांत सोपा उपक्रम मानला जातो. त्या झाडाला पालवी कधी फुटली, कळी कधी आली, फळ कधी पिकले आणि त्यावर कोण आले, एवढ्याच नोंदींतून ऋतुचक्र प्रत्यक्ष समजते.

रानभाज्यांची ओळख

टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, शेवळा या महाराष्ट्रातील परिचित रानभाज्या होत. रानभाज्या ओळखण्यातील मुख्य अडचण अशी की भाजी कोवळी असताना खुडली जाते आणि तेव्हा फूल किंवा फळ उपलब्ध नसते. ओळखीचा सारा भार पानावर येतो.

टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक गोलाकार असते. कासविंदा ही त्याच्यासारखीच पिवळ्या फुलांची वनस्पती. काही ठिकाणी तिला ‘रानटाकळा’ असेही म्हणतात, त्यामुळे नावच दिशाभूल करते. तिच्या पर्णिकांच्या जोड्या चार-पाच असून टोके अणकुचीदार असतात. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने लहान मुलांच्या यकृत, स्नायू व मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी उत्तर भारतात आहेत.

ओळखीइतकीच कृतीही महत्त्वाची असते. शेवळ्यात घशाला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. म्हणून ती शिजविताना काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालण्याची रीत आहे. केवळ वनस्पती ओळखून ही माहिती मिळत नाही. ती घरातील जाणत्या व्यक्तीकडूनच मिळते.

या कारणांमुळे रानभाजीबाबत पुढील दंडक पाळले जातात: छायाचित्र, पुस्तक किंवा मोबाईल अ‍ॅप यांच्या आधारे कोणतीही वनस्पती खाऊ नये, ती भाजी अनेक वर्षे खुडणाऱ्या स्थानिक व्यक्तीने प्रत्यक्ष पाहून खात्री दिली तरच वापरावी, कंद उपटण्याऐवजी पाने खुडावीत आणि पुढील वर्षासाठी रोपे राखावीत. रानातील अळंबीबाबत तर अधिकच सावधगिरी आवश्यक असते. रंग, वास किंवा चांदीचा चमचा काळा पडणे यांसारख्या प्रचलित कसोट्या विषारी अळंबी ओळखण्यास निरुपयोगी आहेत.

विषारी वनस्पती

मुलांना सर्वप्रथम ओळखता याव्यात अशा काही वनस्पती घराच्या आसपासच आढळतात.

मोगली एरंड: कुंपणाला लावली जाते. बियांची चव शेंगदाण्यासारखी लागत असल्याने मुले त्या खातात आणि त्यांना उलट्या, जुलाब होतात.

गुंज: लाल बी व त्यावर काळा ठिपका. बियांचे कवच कठीण असते. फोडलेली किंवा चावलेली बी अतिशय विषारी असते.

पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी: तिच्या बियांतील विषाचा हृदयावर परिणाम होतो.

धोतरा: काटेरी गोल फळ. बियांमुळे भ्रम व बेशुद्धी येऊ शकते.

कळलावी: लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले व टोकाशी तणाव्यासारखी वळलेली पाने. सर्व भाग विषारी असून कंद विशेष घातक असतो.

विषबाधेचा संशय आल्यास घरगुती उपाय न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. खाल्लेल्या वनस्पतीचा नमुना सोबत नेल्यास डॉक्टरांना मदत होते.

साप

महाराष्ट्रातील गंभीर सर्पदंशांस मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत असतात. भारतात उपलब्ध असलेले बहुगुणी प्रतिसर्पविष याच चार सापांच्या विषांवर तयार केले जाते. साप ओळखण्यातील चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते: बिनविषारी साप नाहक मारला जातो आणि विषारी साप बिनविषारी समजून हाताळला जातो.

मण्यार आणि कवड्या: दोन्ही काळपट, आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचे आणि रात्री वावरणारे. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीने असतात, डोक्याकडे अस्पष्ट असून शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक व शेपटीकडे फिकट असतात. कवड्या बिनविषारी आहे.

घोणस आणि डुरक्या घोणस: घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोलसर ठिपक्यांच्या तीन रांगा असतात व डोके त्रिकोणी असते. डुरक्या घोणस बिनविषारी असून तिचे डाग वेडेवाकडे व शेपूट आखूड असते.

ही लक्षणे पुस्तकातून किंवा सुरक्षित अंतरावरून शिकण्यासाठी आहेत. दंश झाल्यानंतर साप ओळखण्यात, शोधण्यात किंवा मारण्यात वेळ दवडू नये; उपचार रुग्णाच्या लक्षणांवरून करता येतात. मण्यारीचा दंश पुष्कळदा वेदनारहित असतो आणि लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, म्हणून दुखत नाही या कारणास्तव थांबणे धोक्याचे असते. जखमेवर चीर देणे, रक्त चोखणे, घट्ट दोरी आवळणे किंवा मांत्रिकाकडे नेणे टाळावे. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

नोंदी व साधने

एक वही, पेन्सिल, साधे भिंग व शक्य असल्यास दुर्बीण एवढ्या साधनांवर निरीक्षण सुरू करता येते. नोंदीत दिनांक, वेळ, ठिकाण, हवामान, अधिवास, दिसलेली लक्षणे, ऐकलेले स्थानिक नाव आणि ते सांगणारी व्यक्ती यांचा समावेश असावा. प्रत्येक ओळखीपुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘अनोळखी’ असा शेरा देण्याची पद्धत उपयुक्त आहे. अनोळखी सजीवाचे वर्णन व रेखाटन काळजीपूर्वक केलेले असल्यास त्याची ओळख पुढे केव्हाही पटू शकते. घाईने लिहिलेले चुकीचे नाव मात्र वहीत खरे म्हणून राहून जाते.

ईबर्ड आणि आयनॅचरॅलिस्ट या ऑनलाइन मंचांवर सामान्य नागरिकांना आपली निरीक्षणे नोंदविता येतात. सीझनवॉच हा भारतीय उपक्रम झाडांच्या ऋतुबदलांच्या नोंदी गोळा करतो आणि त्यात शाळकरी मुलेही भाग घेतात. छायाचित्रावरून अ‍ॅप सुचविते ते नाव हा अंदाज असतो. तो लक्षणांशी पडताळून मगच स्वीकारावा.

कायदा व संकेत

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्यप्राणी पकडणे, मारणे, त्यांची अंडी घेणे किंवा घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. रानातून पकडलेले देशी पोपट पाळणेही याच कायद्याने निषिद्ध आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वनस्पती किंवा अन्य वस्तू बाहेर नेता येत नाहीत. देवरायांमध्ये फांदी न तोडण्याचे परंपरागत नियम असतात आणि ते पाहुण्यांनीही पाळावेत अशी गावकऱ्यांची अपेक्षा असते. पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाणे, छायाचित्रासाठी फांद्या बाजूला करणे किंवा दुर्मीळ सजीवाचे नेमके ठिकाण जाहीर करणे अनुचित मानले जाते.

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्या लोकांच्या सहभागाने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करतात. गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान या नोंदवहीत लिहिले जाते. घरातील वृद्धांकडून ऐकलेली नावे, उपयोग व इशारे लिहून ठेवणारे कुटुंब आपल्या वहीतील माहिती या समितीला देऊ शकते. अशा रीतीने घरापुरते राहिलेले तोंडी ज्ञान गावाच्या लिखित ठेव्यात जमा होते.

हे सुद्धा पहा

देवराई
रानभाज्या
पक्षिनिरीक्षण
सर्पदंश
लोक जैवविविधता नोंदवही
कास पठार